नाद आपला, खस्ता तिच्या: घोडेवाल्यांनी बायकोचे आभार मानायचे कसे

आधीच सांगतो, मी काय कौन्सिलर वगैरे नाही. लोणंदच्या एमआयडीसीत शिफ्टला जातो, घर फलटण तालुक्यात, घराच्या मागं पत्र्याचं शेड आणि त्यात मैना. कुमैत रंगाची, म्हणजे तांबूस-तपकिरी अंग आणि काळी आयाळ, अशी मारवाडी घोडी, चारी पाय पांढरे, तोंडावर पांढरा पट्टा, म्हणजे पंचकल्याणी. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीच्या काठी घोडेबाजार भरतो तिथं मी "नुसता बघायला" गेलेलो आणि नुसता बघायला गेलेला माणूस काय घेऊन येतो ते तुम्हा लोकांना सांगायची गरज नाही. टेम्पो दारात लागला, बायको बाहेर आली, आधी घोडीकडं बघितलं मग माझ्याकडं, आणि म्हणाली, "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, फक्त हितं व्याही पण तुम्हीच." आणि आत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, कारण जनावर रात्रभर प्रवास करून आलेलं.

ती बादली सहा वर्षं झाली अजून चालूच आहे. मी त्यातली पहिली चार वर्षं एकदाही थँक्यू म्हटलेलं नाही, आणि नंतर जेव्हा म्हणायला लागलो तेव्हा इतकं चुकीच्या पद्धतीनं म्हणलं की तिला अजूनच राग आला. म्हणून हे लिहितोय. ज्यांच्या दारात घोडं आहे किंवा आणायचं डोक्यात आहे त्यांनी वाचा, बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल.

सगळ्यात आधी मोजा

आभार मानायच्या आधी कशाचे मानायचे ते माहीत पाहिजे ना. आपल्याला वाटतं बायको "थोडं बघते". एक आठवडा वहीत लिहून काढा, तिला न सांगता, ती घोड्यासाठी काय काय करते आणि किती वेळ. मी लिहिलं. सकाळी साडेपाचला मी फर्स्ट शिफ्टला गेलो की चंदी घालणं तिच्याकडं, भिजवलेला हरभरा आणि कोंडा, तो भिजवून पण तीच ठेवते. दुपारचं पाणी तिच्याकडं. घोडं दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी पितं, उन्हाळ्यात त्याच्याही वर जातं, आणि आमच्याकडं नळाला पाणी एक दिवसाआड येतं, म्हणजे बॅरल भरून ठेवणं आलं आणि ते भरायला घरात कुणीतरी असणं आलं. लीद मी सकाळी काढतो पण घोडं काय एकदाच लीद टाकून थांबत नाही, दिवसातनं आठ-दहा वेळा टाकतं, त्यामुळं दुपारचा खराटा पण तिचाच. नालबंद आला की त्याला चहा. कडब्याची गाडी आली की मोजून उतरवून घेणं. मैनानं दावण तोडून शेजाऱ्याच्या मक्यात तोंड घातलं की शेजारणीचं बोलणं ऐकून घेणं. हे शेवटचं काम वहीत किती मिनिटं लिहायचं मला कळलं नाही.

आता "ती घरीच असते" हे वाक्य कायमचं विसरा. आमची ही शिवणकाम करते, ब्लाऊज शिवते, आणि ती घरी असते म्हणजे मशीनवर असते. मी हिशोब केला, नुसतं दुपारचं पाणी आणि झाडलोट अर्धा तास धरला तरी वर्षाचे झाले १८२ तास. अस्तराचा एक ब्लाऊज कटिंग धरून तीन तास घेतो, म्हणजे साठ ब्लाऊज, साडेतीनशेनं धरले तर एकवीस हजार. हे फक्त दुपारचं. सकाळचं, कडब्याचं, शेजारणीचं यात धरलेलंच नाही. मी चार वर्षं सगळीकडं सांगत होतो की घोडीचा महिन्याचा खर्च दहा-बारा हजार आहे आणि तो सगळा मी एकटा करतो.

वही तिला दाखवायची का? दाखवा, पण भाषण न करता. मी वही मशीनवर ठेवून ड्युटीला गेलो. संध्याकाळी आलो तर तिनं खाली पेनानं तीन कामं वाढवून लिहिलेली.

मग वेळ परत करा

आभार म्हणजे घेतलेलं परत करणं, असं मला आता वाटतं. ज्याच्याकडनं तास घेतले त्याला साडी देऊन फिटत नाही, तास दिले पाहिजेत. माझी पद्धत अशी आहे, तुम्ही तुमच्या शिफ्टप्रमाणं बदलून घ्या. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळपासनं दुपारपर्यंत घोडीचं सगळं मी करतो आणि ती शेडकडं फिरकत पण नाही. फर्स्टच्या आठवड्यात दुपारच्या पाण्याला गावातला एक बारावीचा पोरगा लावलाय, त्याला महिन्याला पैसे देतो, आणि ते पैसे माझ्या खर्चातनं जातात, घरखर्चातनं नाही. पोरगा आला नाही तर मी जेवणाच्या सुट्टीत गाडी मारून येतो, एकदोनदा सुपरवायझरचं ऐकलंय, ऐकू दे.

आणि वर्षातनं दोन वेळा ती माहेरी जाते तेव्हा फोन करून "अगं कोंडा कुठं ठेवलाय" असं विचारायचं नाही. हे फार महत्त्वाचं आहे. कोंडा शोधा. तिच्या सुट्टीत घोडं शिरता कामा नये. मी पहिल्या वेळी तीन दिवसात अकरा फोन केले होते, मेहुण्यानं मोजले.

मदत करतो असं म्हणू नका बरं का. घोडी आपली, आपण लीद काढली तर ती मदत होत नाही. मदत ती करते.

पैशाचं खोटं बोलू नका

इथं सगळे घोडेवाले सारखेच. मी खोगीर साडेसहा हजाराला घेतलं आणि घरी सांगितलं की अडीचला पडलं, ओळखीचा होता. वर्षभरानं बिल सापडलं, माझ्याच पँटच्या खिशात, धुवायला टाकताना. ती काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात तिला ओव्हरलॉक मशीन घ्यायचं होतं ते तिनं कॅन्सल केलं आणि कारण विचारलं तर म्हणाली, "तुमच्या खोगिराचं अजून फिटायचं असंल." मेलो मी.

तेव्हापासनं महिन्याचा कागद फ्रिजवर असतो: कडबा, लसूणघास, हरभरा, नाल आणि खूर कापणं (दर सहा ते आठ आठवड्यांनी, हे टाळायचं नाही), जंताचं औषध, धनुर्वाताची वर्षाची लस, डॉक्टर. खरे आकडे. आणि बाजूला दुसरा रकाना, तिला जे घ्यायचंय त्याचा. घोडीला नवीन काही घ्यायचं तर दुसऱ्या रकान्यातलं आधी पूर्ण होतं. लगामाचं चामडं जुनं झालंय, टाकून देण्यासारखं नाही, शिवून घेतलंय, कुणी शिवलं असेल ओळखा. तंग, म्हणजे खोगीर पोटाखालनं आवळायचा पट्टा, तो मात्र जुना झाला की लगेच बदलतो, तो तुटला तर खोगिरासकट आपण खाली, तिथं काटकसर करू नये.

याच विषयातलं अजून एक, सांगायला लाज वाटते पण सांगतो. तीन पावसाळ्यांपूर्वी मी शेडवर नवीन पत्रे टाकले, रंगीत, वारा खेळायला बाजूला जाळी, खाली मुरूम दाबून उतार काढला म्हणजे मूत साचायला नको. आलेले सगळे म्हणायचे व्वा पागा असावी तर अशी. त्याच पावसाळ्यात आमचं स्वयंपाकघर दोन ठिकाणी गळत होतं आणि खाली पातेली लावलेली. ती पातेली मला दिसत नव्हती असं नाही, दिसत होती, पण बायको ओरडत नव्हती ना, म्हणून चाललं. तर तुमच्या घरात असं काही गळत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी ते करा. त्याच्याइतकं मोठं थँक्यू दुसरं नाही. स्लॅबचं वॉटरप्रूफिंग झालं त्या दिवशी तिनं पातेली घासून फडताळात ठेवली आणि मैनाला गूळ दिला, मला नाही.

ती जे बघते ते शिकून घ्या

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका लग्नाला पंढरपूरला गेलेलो, फोनची बॅटरी गेलेली. संध्याकाळी हिच्या लक्षात आलं की दुपारपासनं शेडमध्ये लीदच नाही. घोडी चंदीला तोंड लावत नव्हती, सारखी मान वळवून स्वतःच्या पोटाकडं बघत होती, पुढच्या पायानं जमीन उकरत होती. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, घोड्याला उलटी होत नाही, शरीराची रचनाच तशी आहे, त्यामुळं पोटात काही अडकलं, गॅस झाला, आतडं फिरलं तर ते वर निघून जात नाही आणि जनावर काही तासात जाऊ पण शकतं. त्याला पोटशूळ म्हणतात, आणि आपल्याकडं चांगली चांगली घोडी त्यानं गेलीत.

ही घोड्याला घाबरते, तेव्हा पण घाबरत होती. तिनं समोरचा चारा उचलला, डॉक्टरला फोन लावला, डॉक्टर म्हणाले लोळू देऊ नका हळूहळू फिरवत राहा, मनानं कुठलं इंजेक्शन औषध देऊ नका. आणि ती मोरकी (घोडीच्या तोंडाला बांधलेली दोरी) धरून अंगणात फिरत राहिली, सव्वादोन तास, मुलाला बॅटरी धरायला लावून. डॉक्टर आले, तपासलं, इंजेक्शन दिलं, नाकातनं नळी घालून पोटात तेल सोडलं. रात्री एकला मी घरी पोचलो तेव्हा घोडीनं लीद टाकलेली आणि आमची ही पायरीवर बसून रडत होती. मी गेलो तो सरळ मैनाकडं गेलो. गळ्यात हात घातला, पोटाला कान लावला. बायको पायरीवर तशीच.

हे मी आत्तापर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. असं करू नका, एवढंच सांगायचंय. आधी पायरीकडं जा. घोडीजवळ डॉक्टर आहेत.

दुसऱ्या दिवशी मी "तू नसतीस तर मैना गेली असती" म्हणलं, ती म्हणाली मैनाचं सोडा, मला काल किती भीती वाटली ते विचारलंत का? नव्हतं विचारलं. तर विचारा. आणि पुढच्या वेळची भीती कमी होईल असं काहीतरी करा, ते पण आभारातच मोडतं. मी हे केलं: शेडच्या खांबाला एक कागद प्लॅस्टिकमध्ये घालून लावला, घोड्याचं नॉर्मल टेंपरेचर ९९ ते १०१ फॅरनहाईट, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, दोन डॉक्टरांचे नंबर, टेम्पोवाल्याचा नंबर, आणि माझ्या दोन मित्रांचे जे रात्री पण येतील. तिला जवळ कसं जायचं ते नीट दाखवलं, जे मी सहा वर्षांपूर्वी दाखवायला पाहिजे होतं: आधी आवाज द्यायचा, डाव्या खांद्याच्या बाजूनं जायचं, मागच्या पायांमागं उभं राहायचं नाही, आणि दोरी कधीही हाताला गुंडाळून धरायची नाही, घोडं बिचकलं तर बोटं जातात. त्या रात्री तिनं दोरी मनगटाला गुंडाळली होती. मला हे आठवलं की अजून कसंतरी होतं.

आणि खरं सांगायचं तर लीदीचं तिच्या लक्षात आलं, माझ्या आलं असतं का माहीत नाही. मी घोडीची चाल बघतो, कान बघतो (मारवाडीचे कान, टोकं एकमेकांना भिडतात, बघत बसावं असेच असतात), ती घमेलं बघते.

बोलायचं असेल तर असं बोला

स्टेटसला फोटो टाकून "माझ्या यशामागे माझी अर्धांगिनी" लिहू नका. मी टाकलं होतं, फोटोत मी घोडीवर आणि ती मागं अर्धी कापलेली. त्यात परत यश कुठलं, मी घोडी पाळतो.

नेमकं बोला. "तू खूप करतेस" यातनं काहीच कळत नाही. "काल पावसात तू कडब्यावर ताडपत्री टाकलीस म्हणून तो वाचला, बुरशी लागलेला खाल्ला असता तर परत पोट धरलं असतं" हे कळतं. आणि चार माणसात बोला, विशेषतः जिथं तुमचं कौतुक चाललंय तिथं. पाहुणे आले की म्हणतात काय ठेवलीय घोडी, अंगावर काय चमक आहे. पूर्वी मी नुसता हसायचो. आता सांगतो की सकाळचा खरारा, म्हणजे अंग घासून काढणं, मी करतो पण चंदीचं सगळं हिच्याकडं आहे, चमक तिथनं येते. माझ्या आईसमोर पहिल्यांदा हे बोललो तेव्हा आई म्हणाली, तुझ्या वडलांनी बैलांच्या बाबतीत हे कधी म्हणलं नाही. मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

उलटी केस पण असते. आमच्या कंपनीतल्या एकाची बहीण पुण्यात चाळिशीत घोडेस्वारी शिकली, तर सगळे तिच्या नवऱ्याचंच कौतुक करतात की किती सपोर्टिव्ह, करू देतो. तिथं नवऱ्याचे आभार जरूर मानावेत, रविवारी सकाळी पोरांना सांभाळतो, डबा करतो त्याचे, पण "करू दिलं" याचे मानू नयेत, माझ्या मते.

तिला घोडेवाली बनवायला जाऊ नका

आपल्याला वाटतं तिनं एकदा रिकिबीत पाय घातला की तिला पण नाद लागेल. नाही लागत. आणि लागायची गरज पण नाही. तिला सारंगखेड्याला किंवा अकलूजच्या बाजाराला नेणं ही तिच्यासाठी ट्रिप नसते, ती तुमचीच ट्रिप असते, तिनं फक्त डबा बांधलेला असतो. मी लग्नाच्या वाढदिवसाला तिला घोड्याचं लॉकेट आणलं होतं. तिनं ते मुलीला देऊन टाकलं.

पण माणूस विचित्र आहे बघा. आषाढी वारीत माऊलींची पालखी लोणंदवरनं तरडगावकडं निघते तेव्हा चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, आमच्यापासनं जवळच. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व असतात, एकावर स्वार असतो, दुसरा माऊलींचा, त्याच्यावर कुणी बसत नाही. घोडी धावून गेली की लोक टापांखालची माती कपाळाला लावायला पळतात. आमची ही त्यात सगळ्यात पुढं असते. घरी आल्यावर मैनाला म्हणते, "बघ, असं असतं घोडं, नायतर तू, माझी सवत." दसऱ्याला मात्र तिच्या सवतीला हळदकुंकू तीच लावते, झेंडूची माळ तीच करते, मला हात लावू देत नाही, म्हणते तुमची गाठ सुटते.

डोकं सांभाळा

हे आभारात कसं काय असं वाटेल. तर बायकोला घोड्याचा खर्च खुपत नाही तेवढी ही भीती खुपते की हा माणूस एक दिवस पडून येणार. त्यामुळं हेल्मेट घाला. फेट्यात फोटो भारी येतो पण फेटा डोकं वाचवत नाही. मी रपेटीला निघताना कुठल्या बाजूला चाललोय आणि किती वाजेपर्यंत येणार ते सांगतो, उशीर होणार असेल तर थांबून फोन करतो, कॅनॉलच्या कडेनं भरधाव सोडत नाही. अपघात विमा काढलाय, पॉलिसी कुठं ठेवलीय ते तिला माहितीये. पहिल्यांदा हेल्मेट घालून निघालो तर गावातली पोरं हसली, ही दारात उभी होती, ती हसली नाही, आत गेली. पूर्वी मी वळणाआड होईपर्यंत उभी राहायची.

पाडव्याचं राहिलंच. पाडव्याला ती ओवाळते, आपण ताटात ओवाळणी टाकतो. गेल्या पाडव्याला मी ओव्हरलॉक मशीनचे पैसे टाकले, पाकिटात, वर वहीतला आकडा लिहून, एकवीस हजार. तिनं मोजले. म्हणाली, हे एका वर्षाचे झाले. सहा वर्षं आहेत.

आता शेवटचं, आणि हे आत्ता चालू आहे म्हणून लिहितोय. मैनाला फळवायचं माझ्या डोक्यात आहे. घोडी साधारण अकरा महिने गाभण राहते, आणि वीत बहुतेक करून रात्रीची असते, म्हणजे रात्र रात्र जागणं, नंतर शिंगरू, म्हणजे सगळं दुप्पट. पूर्वीचा मी असतो तर घोडा ठरवून, तारीख ठरवून मग घरी सांगितलं असतं. या वेळी आधी विचारलं, सगळा हिशोब कागदावर मांडून, रात्री कोण जागणार ते पण लिहून. तिनं कागद वाचला, घडी घालून मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाली, "बघू."

तीन महिने झाले. कागद अजून ड्रॉवरमध्ये आहे, आणि मी परत विचारलेलं नाही.